खरी त्रयोदशी

मिलिंद, तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले, आणि ज्या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती, त्याच धक्क्यावर सकाळपासून बसलो आहे. समोर तुझी 'काटेपूर्णा' उभी आहे. पंचवीस फुटांची, जुनी, तू दोन हिवाळे घासून रंगवलेली शिडाची यॉट. अकोल्याच्या नदीचं नाव घेऊन ती इथं खाऱ्या पाण्यात डुलते आहे. उद्या सकाळी तुझी लेक प्रज्ञा आणि मी तिला घेऊन ते टोक ओलांडणार आहोत. मला भीती वाटते आहे. लाजून सांगण्याचं वय गेलं, म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो.

तू हसशील. "भूगोल, तू त फळ्यावर समुद्र काढणारा मानूस!" तू मला कधी सुधाकर म्हटलंच नाहीस. बार्शीटाकळीच्या शाळेत तीस वर्षं मी भरती-ओहोटी शिकवली. एका बाजूला सूर्य, मध्ये पृथ्वी, चंद्राला पिवळा खडू. उधाणाची भरती, भांगाची भरती, पाच गुणांचा प्रश्न. समुद्र मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो निवृत्तीनंतर, तुझ्यामुळं. तू उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून अकोल्याला परत आलास आणि आलेल्या पैशांतून प्लॉट घ्यायचा सोडून होडी घेतलीस. सगळ्या गल्लीनं तुला वेड्यात काढलं. मीही काढलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात तुझ्यामागं इथं आलो.

हे टोक तू मला आधी कागदावर दाखवलं होतंस. खालचं बंदर, म्हणजे हे, दक्षिणेला. वरचं बंदर, जिथं काटेपूर्णा पावसाळ्यात वर काढून ठेवतात, ते उत्तरेला. मध्ये समुद्रात घुसलेला काळा कडा आणि त्याच्या अंगाला खाडीचं तोंड. भरती पूर्ण होते तेव्हा खाडीतलं पाणी थोडा वेळ थांबतं. तेवढ्यात तिथून निघून जायचं. उशीर झाला की खाडी रिकामी व्हायला लागते, आतलं पाणी जोरात बाहेर येतं आणि बाहेरून येणाऱ्या लाटांना भिडतं. जत्रेतून निघणारी आणि जत्रेत शिरणारी गर्दी एकाच दारात अडकावी, तसं. "टोक काई करत नाई," तू म्हणायचास, "टाइम चुकला का मानूस मरते."

टाइम काढायची इथल्या जुन्या कोळ्यांची रीत तुला फार आवडायची. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. छापील तक्ता तुझ्याकडं असायचाच, पण तिथीनं आलेली वेळ त्याच्याशी जुळली की तू लहान पोरासारखा खूश व्हायचास. आणि मी तुला डिवचायचो, कारण तुझ्या बाबांनी पंचांगाला कधी घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. "बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर अन् तिथ्या तोंडात?" असं मी म्हटलं की तू म्हणायचास, "चंद्र काई कोनाच्या बापाचा नाई बे. पंचांग नाई पायजे मले, चंद्र पायजे." हा वाद आपण पंचवीस वेळा घातला असेल. तो तसाच राहिला. आता मी एकटा दोन्ही बाजूंनी घालतो आणि दोन्ही बाजूंनी हरतो.

त्या सकाळबद्दल आपण कधीच बोललो नाही. नऊ वर्षं झाली. आज बोलतो, कारण त्यातली एक गोष्ट तुला माहीत नव्हती.

माघ महिना होता. आपण याच धक्क्यावरून वरच्या बंदराला निघणार होतो. तक्त्याची वही तू अकोल्याला जेवणाच्या टेबलावर विसरून आला होतास. तुझा फोन आदल्या दिवशी पाण्यात पडलेला, माझा सूर्यास्ताचे फोटो काढून काढून मेलेला. तू म्हणालास, "थांब, त्या म्हाताऱ्या कोळ्याले इचारून येतो." तो म्हातारा जाळं विणत पन्नास पावलांवर बसला होता. पन्नास पावलं, मिलिंद. आणि मी म्हणालो, "त्याले कायले इचारतं? तिथी मले समजते. आमच्या घरी पंचांग हाय."

आमच्या घरी पंचांग होतं हे खरं. स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर, खिळ्याला. ते आई वाचायची आणि लग्नानंतर शोभा वाचायला लागली. मी चतुर्थीला मोदक खाल्ले, एकादशीला साबुदाणा खाल्ला आणि द्वादशीला पुन्हा पोळ्या खाल्ल्या. तिथीशी माझा संबंध एवढाच, पोटापुरता. पण तुझ्यासमोर ते कबूल करायला जीव धजेना. समुद्र तुझा, शीड तुझं, दोर तुझे. एक तिथी तरी माझी असू दे असं वाटलं असावं. पौर्णिमेला मी तुझ्यासोबत विहारात आलो होतो, त्यामुळं पौर्णिमेचा वार पक्का ठाऊक होता. तिथून बोटं मोजली. तेरा आली. "त्रयोदशी," मी मास्तरच्या आवाजात सांगितलं. "तेराची पाऊणपट, पावणेदहा." तू क्षणभर माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "पक्कं?" मी म्हणालो, "पक्कं."

त्या दिवशी द्वादशी होती. भरती नऊलाच पूर्ण झाली होती.

आपण पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. लांबून मला काहीच दिसलं नव्हतं. फक्त कड्याच्या पायथ्याशी पाणी पांढरं होतं आणि मला ते सुंदर वाटलं होतं. तुला वाटलं नाही. तू उभा राहिलास, घड्याळ पाहिलंस, पाणी पाहिलंस, पुन्हा घड्याळ पाहिलंस. तुझा चेहरा मी त्याआधी असा एकदाच पाहिला होता, वहिनींचा रिपोर्ट आला तेव्हा. मग पहिली लाट आली. ती धावत आली नाही, जागच्या जागी उभी राहिली, भिंतीसारखी, आणि होडीचं नाक तिच्यावर चढून पलीकडं आपटलं. तू इंजिन लावलंस तर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता किंचाळायला लागला.

मी ओरडलो, "काठाकडं घे! मिल्या, काठाकडं घे!" आपल्याकडं आणखी काय शिकवलं आहे? पुरात सापडलास तर काठ गाठ. पूर्णेला पूर आला की लहानपणापासून हेच ऐकलं. कडा शंभर हातांवर होता, दगडांना दगडासारखा चिकटून बसेन असं मला वाटत होतं. आणि तू उलट केलंस. होडीचं तोंड तू उघड्या समुद्राकडं वळवलंस, जिकडं काहीच नव्हतं तिकडं. "काठ तिकडं हाय म्हनून तिकडं जातं का?" तू ओरडलास. "फुटून जाईन ना होडी! पानी पायजे आपल्याले, पानी!"

मग मी जे केलं ते तू कोणालाही सांगितलं नाहीस. मी खाली बसलो आणि तुझा डावा पाय दोन्ही हातांनी धरला. गुडघ्याखाली, घट्ट. तुला सुकाणूचा दांडा सांभाळायचा होता आणि तुझ्या पायाला साठीचा एक मास्तर लोंबकळत होता, मोठ्यानं रडत, आईला हाका मारत. तू लाथ मारून सोडवून घेऊ शकला असतास. तुझ्या जागी मी असतो तर मारली असती. तू म्हणालास, "भूगोल, लाटा मोज."

मला वाटलं, हा वेडा झाला.

"मोज! मोठ्यानं मोज. मले आयकू आलं पायजे."

आणि मी मोजायला लागलो. एक. दोन. तीन. रडत, ओकत, खारं पाणी गिळत. चुकलो की तू विचारायचास, "किती झाल्या?" आणि मी आठवून सांगायचो. चाळीस. एकेचाळीस. त्या लाटा मोजून तुला काय मिळणार होतं? काहीच नाही. मी गप्प बसलो असतो तर भीतीनं उडीच टाकली असती, हे तुला कळलं होतं, मला फार नंतर कळलं. दोनशे सतरा झाल्या तेव्हा तू म्हणालास, "बस कर आता. सोड पाय. मुंग्या आल्या."

वरच्या बंदराला लोकांनी आपल्याला चांगलंच झाडलं. या वेळी टोकाला जातात का, शहाणे दिसता, वगैरे. तू मान खाली घालून म्हणालास, "माया हिशोब चुकला. वही घरी राह्यली." मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू माझ्याकडं पाहिलंही नाहीस, म्हणजे मला बोलायची संधी होती. मी बोललो नाही. प्रज्ञालाही तू तेच सांगितलंस, आणि नऊ वर्षं तिनं ते खरं मानलं.

आता ती गोष्ट, जी तुलाही माहीत नव्हती.

तू समजत होतास की मी बोटांनी मोजलं आणि एक तिथी दोन दिवस आली आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, मिलिंद. दोन दिवस आधी, फोन चालू होता तेव्हा, शोभाचा फोन आला होता. मी विचारलं, "उपास हाय ना आज?" ती म्हणाली, "आज नाई, उद्या हाय. या खेपी एकादशी दोन दिवस हाय." मी म्हणालो, "बरं." झालं. कानावर पडलं आणि पोटात गेलं, डोक्यात गेलंच नाही. टोकावर, तुझ्या पायाला धरून, चाळीस-पन्नासाव्या लाटेला मला शोभाचा तो आवाज आठवला. स्पष्ट. तेव्हापासून तो रोज आठवतो. चुकून चूक होणं वेगळं. मला सांगितलं गेलं होतं, आणि तरी मी 'पक्कं' म्हणालो. तुझा जीव मी एका 'बरं'मध्ये घालवणार होतो.

मी समुद्र सोडला. तुला वाटलं नाही मी परत येईन, आणि मी आलोही नाही. पण तू मला सोडलं नाहीस. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी तुझा फोन आला, इथूनच. "बोल भूगोल. उद्याची तिथी कोन्ती?" मला वाटलं, टोमणा मारतो आहेस. मी चिडलो. "तुयापाशी तक्ता हाय, फोन हाय, कोळी हाय. मले कायले इचारून राह्यला?" तू शांतपणे म्हणालास, "तू चुकलेला मानूस हायेस. चुकलेला मानूस दोनदा मोजते. बाकीचे एकदाच मोजतात." पुढं आठ वर्षं, प्रत्येक खेपेला, टोकाच्या आदल्या दिवशी तुझा फोन. तक्ता, कोळी आणि मी, तिघांचं जमल्याशिवाय तू दोर सोडला नाहीस.

तुला वाटलं असेल, मास्तरला कामाला लावलं, त्याची लाज जाईल. अरे, काय केलंस माझं! मी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरात, समुद्रापासून शेकडो कोस लांब, आणि पंचांग शोभाला धरायला लावायचो. ती वाचायची, मी मोजायचो, मग मी वाचायचो, ती मोजायची. तिथी किती वाजता संपते तेही बघायचो. दुसऱ्या दिवशी तुझा 'आलो' असा एक शब्दाचा मेसेज येईपर्यंत घशाखाली घास उतरत नसे. शोभा शेजारणींना सांगायची, "आज आमच्या यायची मिलिंदभाऊची एकादशी हाय." तुझं 'आलो' आलं की मी 'बरं' लिहायचो. मुद्दाम तोच शब्द लिहायचो. तुला कारण कधी कळलं नाही.

तुझा शेवटचा फोन अमरावतीहून आला, प्रज्ञाच्या घरून. तू अंथरुणावर होतास, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. "आज कोन्ती तिथी?" मी न बघता सांगू शकलो असतो, तरी उठून बघून आलो. "तृतीया." तू थोडा वेळ हिशेब केलास. "म्हन्जे सव्वादोनले भरती," म्हणालास, आणि समाधानानं हुंकार दिलास. कुठं जायचं होतं तुला, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांनी पंचमीला पहाटे तू गेलास. मी अमरावतीला पोचलो तेव्हा मला सांगायचं होतं ते सगळं ओठांशी आलं होतं, आणि ऐकणारा निजला होता.

बुद्धपौर्णिमेला विहारात तुझ्यासाठी सगळे जमले. मी मागच्या ओळीत बसलो. बाहेर आल्यावर प्रज्ञानं मला बाजूला घेतलं. पाऊस लागायच्या आत काटेपूर्णा वरच्या बंदराला न्यावी लागेल, ती स्वतः नेणार, एक कोळी सोबतीला घेणार. तुझ्याबरोबर ती दहा-बारा वेळा गेली आहे, तिला येतं, हे मला माहीत आहे. मग ती म्हणाली, "काका, तुमी फक्त वेळ सांगजा. बाबा म्हनत, टोकाचा टाइम सुधाकरकाकाच्या हातात हाय. त्यायचा हिशोब चुकत नाई."

असं म्हणायचास तू तिला? चुकत नाही?

मी तिथं रस्त्यावरच, चपला घालता घालता, तिला सगळं सांगितलं. द्वादशी, पन्नास पावलं, तुझा पाय, शोभाचा फोन, माझं 'बरं'. ती ऐकत राहिली. तुझ्यासारखंच तिचं आहे, राग आला की तोंड मिटतं. त्या दिवशी ती अमरावतीला परीक्षा देत होती, मिलिंद. तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तिचा बापही घालवला असता. मला वाटलं, आता ही पोट्टी माझ्याकडं पुन्हा पाहणार नाही, आणि बरोबरच आहे. मग ती म्हणाली, "बाबाले हे मालूम होतं?"

"चुकलो ते मालूम होतं. शोभाच्या फोनचं नाई."

"सांगाले पायजे होतं काका."

"हो."

"मंग आता तुमीच चाला. फोनवर वेळ नाई पायजे मले. होडीत बसून सांगा."

नाही म्हणायला माझ्याकडं शंभर कारणं होती. बीपी, गुडघे, वय, शपथ. एकही तोंडातून निघालं नाही. निघताना शोभानं माझ्या पिशवीत पंचांग टाकलं आणि म्हणाली, "आलो म्हनून लिवजा. तोवर मी बी जेवत नाई." तेव्हा कळलं, आठ वर्षं मी उपाशी बसायचो तेव्हा ती समोर बसून काय बघत होती.

तर आज त्रयोदशी आहे. खरी. पौर्णिमेपासून बोटांनी तेरा, पंचांगात तेरा, शोभानं वाचली तरी तेरा. पण माझा कोणावर विश्वास राहिलेला नाही, माझ्यावर तर नाहीच. म्हणून सकाळी आठ वाजता येऊन या धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलो. पाणी एकेक पायरी गिळत वर येत होतं. नऊ वाजले. वाटलं, आत्ता थांबेल, म्हणजे माझी पुन्हा एक तिथी चुकली. पाणी थांबलं नाही. आणखी एक पायरी गेली. मग अर्धी. पावणेदहाला एक काटकी पायरीशी येऊन नुसती उभी राहिली, ना आत ना बाहेर. मी तिच्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं ती हळूच समुद्राकडं निघाली. मी रडलो. शेजारी मासळी निवडणाऱ्या बायांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं कोणीतरी इथं बुडालेलं दिसतं.

नंतर उठून मी पन्नास पावलं चाललो. तो म्हातारा आता नाही, त्याचा मुलगा आहे. त्याला विचारलं, उद्या पाणी किती वाजता थांबेल. त्यानं मान वर न करता साडेदहा सांगितलं. चौदाची पाऊणपट साडेदहा. प्रज्ञाच्या फोनमध्येही दहा-पाच मिनिटं इकडंतिकडं तेच. सगळ्यांचं जमतं आहे, आणि माझी भीती तसूभर कमी होत नाही. उधाण जवळ आलं आहे, खाडी उद्या जास्त भरेल आणि जास्त जोरात रिकामी होईल, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं आहे. शिवाय वारा मोजायची कोणती तिथी नसते. वारा चढला तर निघायचंच नाही, असं प्रज्ञा म्हणते. तुझंच वाक्य आहे ते.

आत्ता ती शिडाचे दोर तपासून आली आणि माझ्या शेजारी बसली. तुझा जुना निळा सदरा घातला आहे तिनं, बाह्या दुमडून. चहाचा कप माझ्या हातात दिला, तो मी तसाच धरून बसलो.

"भेव वाटते का काका?"

"हो."

"मले बी," ती म्हणाली. मग काटेपूर्णेकडं बघत तिनं विचारलं, "त्या दिवशी किती झाल्या होत्या?"

मी म्हणालो, "दोनशे सतरा."

"बाबानं मोजल्या होत्या का?"

"नाई. मी मोजल्या. त्यायनं फक्त इचारल्या."

समोर ओहोटी लागली होती, पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या, ओल्या आणि हिरव्या.

"उद्या मी इचारीन," ती म्हणाली.